शून्य काढा, अधिक ठेवा

मिसिसागा, ऑन्टारिओ (कॅनडा)
आषाढी एकादशी, ६ जुलै २०२५

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

टपालाचं पाकीट पाहून आधी घाबरू नका. इकडे सगळे खुशाल आहेत. फोन कसा लावायचा हे फोनवर सांगायचं तर आधी तो लागायला हवा, आणि लागला तर तुम्ही तो उचलायला हवा. सध्या दोन्ही बंद आहे. दादाकडे निरोप दिला की तो ‘सांगतो’ म्हणतो आणि सांगत नाही. म्हणून हे पत्र. वाचून झालं की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या खिळ्याला अडकवून ठेवा आणि एक झेरॉक्स जळगावला माझ्या सासरी, तिकडच्या आई-बाबांकडे धाडा. त्यांचं दुखणं वेगळं आहे, पण औषध हेच.

आधी आईची तक्रार. तिचं म्हणणं, ‘मी रोज फोन लावते, पण तू उचलत नाहीस, दुसरीच बाई उचलते.’ मी दोन महिने ऐकून घेतलं. मला वाटलं, चुकून एखादा आकडा इकडचा तिकडे होत असेल. परवा दादाच्या मुलीने आईच्या फोनचा फोटो काढून पाठवला आणि सगळा उलगडा झाला. सिम बदललं तेव्हा माझ्या नंबराच्या पुढचा ‘+१’ कुणीतरी अनावश्यक समजून काढून टाकला. राहिले दहा आकडे, ९०५ ने सुरू होणारे. आमच्या मिसिसागाचा एरिया कोडच ९०५ आहे. आता गंमत अशी की कॅनडातही नंबर दहा आकडी आणि आपल्याकडचा मोबाइलही दहा आकडी. त्यात आपल्याकडचे मोबाइल नंबर ९, ८, ७ किंवा ६ ने सुरू होतात. म्हणजे धुळ्यात बसून नुसते ९०५ पासूनचे दहा आकडे दाबले की यंत्राला तो अगदी अस्सल भारतीय नंबर वाटतो. ते बिचारं इमानेइतबारे भारतातच घंटी वाजवतं. ती घंटी वाजते सतन्याला.

सतन्याच्या त्या काकूंशी मी स्वतः बोलले. फार चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, ‘आपकी माताजी रोज शाम को पूछती हैं, जेवनी का व माय?’ पहिले काही दिवस त्यांनी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला. मग त्यांच्या लक्षात आलं की विचारपूस जेवणाचीच आहे, तेव्हा त्या ‘हाँ, खा लिया’ म्हणू लागल्या. आईला वाटलं, कॅनडात राहून लेकीचं मराठी सुटलं. आता त्यांच्या घरी शेवभाजी होते. काळा मसाला कसा भाजायचा, खोबरं किती काळं होऊ द्यायचं, शेव ताटात वाढतानाच घालायची, आधी घातली तर लगदा होतो, हे सगळं आईने त्यांना अहिराणीतून सांगितलं आणि त्यांनी ते बघेलीतून समजून घेतलं. मी एवढी वर्षं विचारतेय तर मला म्हणते, ‘अंदाजाने घाल.’ असो. आई, त्यांचा नंबर खोडू नकोस. फक्त त्यांच्यापुढे माझं नाव आहे ते बदल.

तर अण्णा, देशाचा कोड कशासाठी असतो, याचं याहून सोपं उदाहरण तुम्हाला नववीच्या वर्गातही देता आलं नसतं. दोन देशांत तेच दहा आकडे दोन वेगवेगळ्या माणसांचे असू शकतात. माझ्यात आणि सतन्याच्या काकूंमध्ये फरक फक्त पुढच्या एकाचा.

आपण मस्कतच्या मामांना फोन करायला आग्रा रोडवरच्या बूथवर जायचो, ते आठवतं ना? रात्री उशिरा दर उतरायचे म्हणून जेवणं आटोपून सगळं घर निघायचं. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत एसटीडी, आयएसडी, पीसीओ. आत काचेच्या दारामागे आई एकटी, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेला; बाहेर तुम्ही, नजर लाल आकड्यांच्या मीटरवर. बूथवाल्याच्या टेबलावरच्या काचेखाली देशांची छापील यादी होती, पण ती त्याला कधी बघावी लागली नाही. कुवेत ९६५, सौदी ९६६, मस्कत ९६८, दुबई ९७१. आखात त्याला पाढ्यांसारखं पाठ होतं. तो ००९६८ दाबायचा, पलीकडे घंटी वाजली की आईला खूण करायचा, आणि आई पहिलं वाक्य बोलायची : ‘बरं, ठेवते मग.’ पैसे पळताहेत म्हटल्यावर तिला दुसरं काही सुचायचंच नाही. मीटर खटकन पुढे सरकलं की तुम्ही काचेवर टकटक करायचात. मग यंत्रातून चिटोरं यायचं, तुम्ही ते बेरीज तपासून खिशात घालायचात. यंत्राची बेरीज तपासणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्याच्याही आधीच्या ट्रंककॉलच्या गोष्टी तुम्हीच सांगायचात. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. सकाळी बुक करायचा आणि संध्याकाळपर्यंत फोनजवळून हलायचं नाही. आपल्या देशात थेट दुसऱ्या गावचा नंबर फिरवायची सोय पहिल्यांदा झाली ती १९६० साली, लखनौ आणि कानपूरमध्ये. मुंबईहून थेट लंडन लागायला १९७६ उजाडलं. धुळ्या-जळगावपर्यंत हे सगळं यायला आणखी किती वेळ लागला ते तुम्ही भोगलंच आहे. पण त्या काळात निदान कोड माणसाच्या तोंडात होता. आता तो फोनच्या पोटात असतो, आणि पोटातून कधी गळला ते कळत नाही.

हे कोड आले कुठून, ते सांगते, तुम्हाला आवडेल. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आहे. त्यांनी १९६४ च्या सुमारास अख्ख्या जगाची विभागणी एकेका आकड्यावर केली. १ उत्तर अमेरिकेला, २ आफ्रिकेला, ३ आणि ४ युरोपला, ५ दक्षिण अमेरिकेकडे, ६ ऑस्ट्रेलियाच्या बाजूला, ७ तेव्हाच्या सोव्हिएत रशियाला, ८ चीन-जपानकडे आणि ९ आपल्याकडे. ज्यांच्याकडे फोन भरपूर त्यांना छोटे कोड, ज्यांच्याकडे कमी त्यांना लांबलचक. आपल्या नऊच्या आळीत ९० तुर्कस्तान, ९१ आपण, ९२ पाकिस्तान, ९३ अफगाणिस्तान, ९४ श्रीलंका, ९५ म्यानमार. नेपाळ मात्र ९७७ आणि बांगलादेश पार आठाच्या आळीत, ८८०. देशाच्या कोडासकट नंबर पंधरा आकड्यांच्या वर जायचा नाही, असाही त्यांचा नियम आहे.

आता शून्याचं. हेच सगळ्यात जास्त चुकतं, आणि चुकवणाऱ्यांत जळगावचे बाबा पहिले. नंबराच्या आधीचं शून्य म्हणजे गावाची वेस. धुळ्यातून जळगावला लावताना ०२५७ म्हणजे ‘मी वेशीबाहेर चाललो, २५७ ला सोड.’ जळगावहून धुळ्याला ०२५६२, भुसावळला ०२५८२, चाळीसगावला ०२५८९. (इंग्रजांनी १९०६ साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले ते केले, टेलिफोन खात्याने त्यांत आणखी कोडांची भर घातली.) पण इथून, देशाबाहेरून, लावताना वेस आधीच ओलांडलेली असते. म्हणून शून्य गळतं : +९१ २५६२ आणि पुढे आपले सहा आकडे. किंवा +९१ २५७ आणि पुढे बाबांचे सात. बाबा सगळ्यांना नंबर देतात तो ‘प्लस नाइन वन झीरो टू फाइव्ह सेव्हन’ असा. का, तर ‘कोड पूर्ण सांगावा.’ आमची इथली मराठी मंडळी ते तसंच दाबतात आणि बाईचा आवाज येतो की हा नंबर अस्तित्वात नाही. बाबांचं अस्तित्व असं परदेशात सारखं नाकारलं जातंय.

इटलीत मात्र शून्य ठेवावं लागतं. रोमला लावायचं तर +३९ आणि पुढे ०६. पण आपलं रोममध्ये कुणी नाही, तेव्हा तेवढं विसरलात तरी चालेल.

बाबांचा मोबाइल नंबर तर आणखी अवघड जागी आहे : तो ९१ नेच सुरू होतो. ह्यांच्या एका मित्राने तो जपून ठेवताना विचार केला की ९१ म्हणजे भारताचा कोड, तो एकदा लावलाच आहे, मग पुन्हा कशाला? त्याने दुसरा ९१ काढला आणि आठ आकड्यांवर फोन करत बसला. त्याला वाटलं, बाबांनी त्याला ब्लॉक केलंय. बाबांना वाटलं, मुलगा बदलला. आखाजीला केळीचे वेफर्स आणि बिबडे घेऊन येणारा माणूस या एका ९१ पायी हुकला, आम्ही अजून हळहळतोय.

इथून तिकडे लावण्यातही एक मेख आहे. तुम्ही परदेशात लावताना आधी ०० दाबता. इथे कॅनडा-अमेरिकेत त्याच कामासाठी ०११ दाबतात. ऑस्ट्रेलियात ००११, जपानात ०१०. आता ०११ म्हणजे आपल्या डोक्यात दिल्ली. ह्यांनी बाबांना पहिल्यांदा सांगितलं की ‘मी ०११ लावून तुम्हाला फोन करतो’, तेव्हा बाबा पिंप्राळ्याच्या अख्ख्या गल्लीत सांगत सुटले की मुलाचा फोन दिल्लीवरून येतो, थेट येत नाही, सरकार ऐकून मगच पुढे सोडतं. काही लोक त्यांच्याशी तेव्हापासून जपून बोलतात.

आणि जावईबापूंचा प्रताप सांगू का? सांगतेच, ते शेजारी बसून ‘नको’ म्हणताहेत. पूर्वीच्या ऑफिसात टेबलावरच्या फोनवरून बाहेर लावायला आधी ९ दाबावा लागे. म्हणजे जळगावसाठी ९, मग ०११, मग ९१. आता त्यातलं शून्य नीट दाबलं गेलं नाही तर काय उरतं? ९, ११. इथे ९११ म्हणजे पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका. ह्यांना विचारायचं होतं भरिताची वांगी भाजताना तेल लावायचं की नाही. पलीकडून कडक आवाजात प्रश्न आला, ‘तुमची आणीबाणी काय आहे?’ ह्यांनी घाबरून फोन ठेवला. इथे ९११ लावून काही न बोलता ठेवलं की ते उलट फोन करतात, आणि समाधान झालं नाही तर माणूस पाठवतात. तसा माणूस आला. सव्वासहा फुटांचा हवालदार, हातात वही. ह्यांनी त्याला भरीत म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बामणोदची पांढरट हिरवी वांगी इथे मिळत नाहीत, जांभळ्यांवर भागवावं लागतं, हेही सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं का, माहीत नाही. देशाबाहेर फोन करणाऱ्यांकडून असं सारखं होतं, असं मात्र तो जाताना म्हणाला.

या सगळ्या भानगडीवर उतारा एकच : अधिकाचं चिन्ह. मोबाइलवर शून्याचं बटण दाबून धरलं की ‘+’ उमटतं. त्याचा अर्थ एवढाच की ‘देशाबाहेर पडायचा जो काही तुमच्या गावचा आकडा असेल तो तूच लाव.’ धुळ्यात त्याचं ०० होतं, मिसिसागात ०११, सिडनीत ००११. म्हणून नंबर साठवताना सगळे + पासून साठवायचे. भारतातलेही. दादाचा +९१, माझा +१, मस्कतच्या मामांचा +९६८. मग तुम्ही कुठेही असा, तोच नंबर चालतो. व्हॉट्सअ‍ॅपवर माझं तोंड दिसायचं असेल तरी हाच उपाय; तिथे नुसते दहा आकडे टाकले तर ते मला भारतातच शोधत बसतं. हॉलमधल्या लँडलाइनवर अधिकाचं बटण नाही, तिथून ००१ आणि पुढे माझे दहा आकडे. त्यावर आयएसडी चालू आहे का ते मात्र आधी दादाला बघायला सांगा. आणि हो, लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आपल्याच गावातही आधी शून्य लावायचं, हा नियम जानेवारी २०२१ पासून आहे. तुम्ही अजून तो मानत नाही, असं दादा म्हणाला.

आता तुमचा मुद्दा, अण्णा. तुम्ही पेपरात वाचलंत की अधिकाच्या चिन्हाने येणारे फोन उचलू नयेत, भामटे असतात. तेव्हापासून तुम्ही माझा फोन कापता. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस अधिकाच्या चिन्हाला घाबरतो, हे तुमच्या विद्यार्थ्यांना कळलं तर धुळ्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

पण तुमची भीती खोटी नाही. +९२ आणि आणखी कसकसल्या कोडांवरून व्हॉट्सअ‍ॅपवर फोन येतात, समोर वर्दीतला माणूस दिसतो, तुमच्या नावे पार्सलात अमली पदार्थ सापडलेत म्हणतो आणि ‘डिजिटल अरेस्ट’ करतो. असं काही कायद्यात नाही. पोलीस कॅमेऱ्यासमोर बसवून कुणाला अटक करत नाहीत. काही भामटे तर परदेशातून फोन करतात आणि तुमच्या पडद्यावर +९१ चा नंबर उमटवतात; ते अडवायला केंद्र सरकारने गेल्या ऑक्टोबरात वेगळी यंत्रणा सुरू केली. तेव्हा +९१ दिसलं म्हणजे आपला आणि दुसरं दिसलं म्हणजे चोर, हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो.

माझाच कोड घ्या. +१ हा एकट्या कॅनडाचा नाही. अमेरिका, कॅनडा, जमैका, बहामा, त्रिनिदाद असे वीसेक देश त्यात आहेत. (जळगावला बाबांच्या फोनवर ‘युनायटेड स्टेट्स’ असं उमटतं. त्यामुळे शेजारच्या काकांचा पक्का समज आहे की मुलगा अमेरिकेत आहे आणि हुंड्याच्या बाजारात भाव पडेल म्हणून धाकट्याच्या लग्नापर्यंत लपवताहेत. भाव वाढेल की पडेल, हेही त्यांनी नीट ठरवलेलं नाही.) भामटे या सामाईक कोडाचा फायदा घेतात. एकच घंटी देऊन फोन कापतात. नंबर अमेरिकेचा वाटतो, पुढचे तीन आकडे ८७६ असतात म्हणजे जमैका, ४७३ असतात म्हणजे ग्रेनाडा. तुम्ही ‘कुणाचा बरं होता’ म्हणून उलट लावलात की मिनिटागणिक पैसे जातात आणि त्यातला वाटा त्यांना मिळतो. आई, तुला मिस्ड कॉल दिसला की उलट लावल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे खास तुझ्यासाठी. ओळखीचं नाव उमटलं नाही तर उलट लावायचं नाही. ज्याला काम असेल तो पुन्हा करेल.

तरी चुकून उचललाच आणि पलीकडचा ‘मी तुमचा नातू, अडचणीत आहे, पैसे पाठवा’ म्हणाला, तर कुठे आहेस ते त्याला अहिराणीतून विचारा : ‘काय रे भो, कथा शेस?’ आमचा धाकटा एवढं समजतो आणि ‘आठेच शे’ म्हणतो. त्याची अहिराणी तिथेच संपते, पण तेवढी पुरे आहे. आवाजावर जाऊ नका, आता आवाजही नकली काढता येतो. कडक आवाजातला पोलीस असेल तर ‘तुमचं ठाणं सांगा, मी दादाला घेऊन येतो’ म्हणा आणि ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा. नुसताच संशयास्पद फोन आला तर दादाकडून ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’त कळवायचं. हे दोन्ही आकडे-नावं मी पत्राच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत, चष्मा शोधायची गरज नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसतील तेव्हा मी तुमच्या सकाळी फोन करेन. इथे शनिवारची रात्र असेल. रोट मला खाता येत नाहीत, निदान रात्रभराच्या जागरणाची गाणी ऐकवा. पडद्यावर ‘लेक, कॅनडा’ असं नाव दिसेल, पुढे +१ असेल. कृपा करून उचला.

तुमची लेक

ता. क. : सध्या तुमच्यात-आमच्यात साडेनऊ तासांचं अंतर आहे. २ नोव्हेंबरच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातील, मग मार्चपर्यंत ते साडेदहा होईल. पण आई, आता काय नि तेव्हा काय, दुपारी जेवून फोन करू नकोस. इथे मध्यरात्र उलटलेली असते.